तांबड्याच्या पलीकडचा उजेड

२०२० सालचा तो करोनाचा काळ आठवून पाहा. सोसायटीच्या फाटकावर, किराणा दुकानाच्या पायरीवर, बँकेच्या दारात कुणीतरी हातात पांढरं पिस्तूल घेऊन उभं असायचं. ते कपाळाशी धरायचं, आकडा बघायचा आणि आत सोडायचं. त्याच दिवसांत मोबाइलवर एक निरोप फिरत होता: या यंत्रातून निघणारे किरण मेंदूला इजा करतात, म्हणून कपाळ नको, मनगट पुढे करा. लोकांनी खरोखरच मनगटं पुढे केली. वस्तुस्थिती अशी की तापमान मोजण्यासाठी त्या यंत्रातून काहीच बाहेर पडत नव्हतं. काही यंत्रांमध्ये नेम धरायला एक बारीक तांबडा ठिपका असे, तेवढाच. बाकी प्रवास उलट्या दिशेने चालला होता. किरण आपल्या कपाळातून निघत होते आणि यंत्र ते गोळा करत होतं.

अवरक्त किरणांविषयीचे, म्हणजे ज्यांना आपण सर्रास इन्फ्रारेड म्हणतो त्यांच्याविषयीचे, बहुतेक गैरसमज एकाच जागी जन्माला येतात असं मला वाटतं. दोन निराळ्या गोष्टी आपण एका नावाखाली धरतो. एक म्हणजे प्रत्येक वस्तू आपल्या उबेपोटी स्वतःहून बाहेर टाकत असते तो उजेड. दुसरा, आपण एखाद्या दिव्यातून मुद्दाम सोडलेला उजेड. दोन्ही अवरक्तच आणि दोन्ही डोळ्यांना न दिसणारे. पण कपाळाशी धरलेलं यंत्र पहिला उजेड वाचतं आणि टीव्हीचा रिमोट दुसरा सोडतो. हा भेद मनात पक्का असला की घरातल्या सीसीटीव्हीपासून अवकाशातल्या दुर्बिणीपर्यंत पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

मापाचं आधी सांगून टाकतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा असतो. जांभळा एका टोकाला, तांबडा दुसऱ्या. तांबड्याच्या पुढे, ०.७ मायक्रॉनपासून थेट १००० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे एक मिलिमीटरपर्यंत, अवरक्ताचा पट्टा पसरलेला आहे. आपल्याला दिसतो तो तुकडा त्यापुढे फारच लहान. रिमोटचा उजेड एक मायक्रॉनच्या आतबाहेरचा, कपाळातून निघणारा दहा मायक्रॉनच्या आसपासचा.

या पट्ट्याचा शोध लागला १८०० साली, इंग्लंडमध्ये, आणि शोधणारा माणूस पोटापाण्यासाठी आधी संगीतकार होता. विल्यम हर्शेल मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. बाथ शहरात तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश बघायचा. १७८१ साली त्याला युरेनस सापडला आणि आयुष्य पालटलं. त्याची बहीण कॅरोलिन त्याच्या कामात बरोबरीने होती. तिने स्वतःही अनेक धूमकेतू शोधले. सूर्याचं निरीक्षण करताना हर्शेल डोळ्यांच्या बचावासाठी रंगीत काचा लावत असे. त्याच्या लक्षात आलं, की काही काचांमधून उजेड कमी येतो पण उष्णता जाणवते, तर काहींमधून उजेड भरपूर येतो पण उष्णता फारशी नाही. मग कोणता रंग किती उष्णता आणतो, हे मोजायचं त्याने ठरवलं.

लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा टेबलावर पाडला आणि काळे केलेले तापमापी त्यात ठेवले. एक रंगात, आणि तुलनेसाठी बाकीचे बाजूला सावलीत. जांभळ्यात पारा दोन अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात सव्वातीन, तांबड्यात जवळजवळ सात. हर्शेलने तापमापी चुकून पट्ट्याबाहेर ठेवला आणि शोध लागला, अशी गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. त्याचे निबंध मात्र निराळं सांगतात. उष्णतेचं शिखर दिसणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर असावं, असा तर्क त्याने आधी मांडला होता आणि तो तपासण्यासाठी तापमापी मुद्दाम तांबड्याच्या पुढच्या अंधाऱ्या जागेत सरकवला. तिथे पारा तांबड्यापेक्षाही जास्त चढला. मला या प्रयोगातलं मोठेपण अपघातात नव्हे, या सरकवण्यात दिसतं.

पुढची एक बाब शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. सूर्याची सर्वांत जास्त ऊर्जा अवरक्तात असते, असा अर्थ या प्रयोगावरून काढला जातो, तो बरोबर नाही. काचेचा लोलक जांभळ्या बाजूचा प्रकाश ऐसपैस पसरवतो आणि तांबड्या बाजूचा दाटीने कोंबतो. त्यामुळे तांबड्यापलीकडे ठेवलेल्या तापमापीच्या फुग्यावर तरंगलांबीचा कितीतरी रुंद पट्टा एकदम पडतो. समान रुंदीचे पट्टे मोजले, तर सूर्याचं शिखर ०.५ मायक्रॉनजवळ, म्हणजे हिरव्याच्या आसपास येतं. मात्र अवरक्ताचा पट्टा लांबलचक असल्यामुळे एकूण बेरजेत जमिनीवर पोचणाऱ्या सौरऊर्जेचा निम्म्याच्या आसपास वाटा त्याचा असतो. उन्हात उभं राहिल्यावर अंगाला जे चटके बसतात, त्यांतले निम्मे न दिसणाऱ्या उजेडाचे.

हर्शेल स्वतःही शेवटी गोंधळला. प्रकाश आणि ही उष्णता एकाच जातीची आहेत, असं त्याला प्रथम वाटलं होतं. त्याच वर्षी पुढचे प्रयोग करून तो उलट निष्कर्षावर आला. दोन्ही एकच आहेत हे पक्कं व्हायला आणखी काही दशकं आणि मेलोनीसारख्या शास्त्रज्ञांची मेहनत लागली.

आता त्या पहिल्या उजेडाकडे, वस्तूच्या स्वतःच्या उजेडाकडे वळू. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड पाचशे-सव्वापाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे मंद तांबडं दिसू लागतं. त्याच्या आधी, तीनशे अंशांवर, ते काळंच दिसतं. पण हात जवळ नेला की धग लागते. लोखंड तेव्हाही उजेड टाकतच होतं, फक्त आपल्या डोळ्यांच्या हद्दीबाहेर. वस्तू जितकी तप्त, तितकी तिच्या उजेडाची तरंगलांबी आखूड. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५८०० केल्विन, म्हणून त्याचं शिखर अर्ध्या मायक्रॉनला. माणसाची त्वचा ३०० केल्विनच्या थोडी वर, म्हणून तिचं शिखर साडेनऊ-दहा मायक्रॉनला. जर्मन शास्त्रज्ञ वीन याच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

याचा अर्थ, अंधाऱ्या खोलीत बसलेलं माणूस झळकत असतं. हिशोब केला तर आपलं शरीर कित्येकशे वॉट ऊर्जा या रूपात सतत बाहेर टाकतं. आपण गोठत नाही, कारण भिंती, छत, जमीन हेही त्यांच्या तापमानाप्रमाणे झळकतात आणि जवळजवळ तेवढंच परत देतात. थंडीत दगडी भिंतीच्या खोलीत हवा फार गार नसतानाही हुडहुडी भरते ती यामुळे. गार भिंत कमी परत देते.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माणसाचा रंग गोरा असो, सावळा असो, काळा असो, दहा मायक्रॉनच्या उजेडात सगळ्यांची त्वचा जवळपास सारखीच असते. आदर्श काळ्या वस्तूच्या सुमारे ९८ टक्के उजेड ती टाकते. त्वचेचा रंग ठरवणारं द्रव्य या पट्ट्यात काही फरक करत नाही. उलट चकचकीत स्टीलचं पातेलं या पट्ट्यात फारच कमी झळकतं. घरात अवरक्त तापमापी असेल तर उकळत्या पाण्याच्या चकचकीत पातेल्यावर बाहेरून रोखून पाहा. आकडा खऱ्यापेक्षा खूप खाली दिसेल. त्याच पातेल्यावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखलं, तर आकडा ठिकाणावर येतो. यंत्र तापमान थेट जाणत नाही, पोचलेल्या उजेडावरून अंदाज बांधतं. दुपारच्या उन्हातून स्कूटर चालवत आलेल्या माणसाचं कपाळ म्हणूनच काही मिनिटं सावलीत थांबल्याशिवाय मोजू नये.

थर्मल कॅमेरा म्हणजे असे हजारो बारीक तापमापी एका चकतीवर मांडलेले. त्याचं भिंग काचेचं चालत नाही, कारण दहा मायक्रॉनच्या उजेडाला साधी काच भिंतीसारखी आडवी येते. जर्मेनियम या धातूसदृश मूलद्रव्याचं भिंग वापरावं लागतं. ते आपल्या डोळ्यांना अपारदर्शक आणि अवरक्ताला पारदर्शक. म्हणून थर्मल चित्रात चष्मा घातलेल्या माणसाच्या डोळ्यांवर दोन काळे गोल दिसतात. आणि कचऱ्याच्या काळ्या पातळ पिशवीत हात घातला, तर पिशवीतून हात स्पष्ट दिसतो! भिंतीपलीकडची माणसं मात्र हा कॅमेरा दाखवत नाही. सिनेमांत दिसतं ते खोटं. भिंतीचा पृष्ठभाग जितका तापला असेल, तेवढंच त्याला दिसतं.

त्याचा खरा उपयोग साध्या कामांत आहे. विजेच्या उपकेंद्रात एखादा सांधा सैल झाला की तिथे रोध वाढतो आणि तो तापतो. डोळ्याला काही कळत नाही. थर्मल कॅमेऱ्यात तो ठिपक्यासारखा पेटलेला दिसतो, वीज न तोडता, शिडी न लावता सापडतो आणि जळण्याआधी दुरुस्त करता येतो. धुराने भरलेल्या घरात अग्निशमन दलाचा जवान याच कॅमेऱ्याने बेशुद्ध माणूस शोधतो.

ताडोबा आणि मेळघाटच्या जंगलात झाडांना बांधलेले कॅमेरे दोन्ही जातींचा उजेड वापरतात, म्हणून ते मला विशेष आवडतात. त्यांतला संवेदक काहीही सोडत नाही. समोरच्या दृश्यात उबदार काही सरकलं, की पडणाऱ्या अवरक्तात झालेला बदल तो टिपतो आणि कॅमेरा जागा होतो. मग रात्र असेल, तर अनेक कॅमेरे अवरक्त दिव्याचा झोत टाकून छायाचित्र घेतात. वाघ फारसा बिचकत नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्यामुळे चित्रांवरून वाघ ओळखता आणि मोजता येतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला, तो मुख्यतः अशा चित्रांच्या आधारे.

निसर्गाने हा संवेदक फार आधी घडवला. पावसाळ्यात आंबोलीच्या जंगलात झुडपांवर वेटोळं घालून बसलेला चापडा हा साप अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. खळग्यात अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्यावर मज्जातंतूंचं दाट जाळं. उंदराच्या अंगातून येणाऱ्या उजेडाने पडदा किंचित तापतो आणि सापाला काळोखात दिशा कळते. ओठांवर असेच, पण साधे, खळगे अजगराला असतात. लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या आपल्याकडच्या चारही प्रमुख विषारी सापांना ते नसतात. २०१० साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने खळग्यातल्या मज्जातंतूंमधलं उष्णता टिपणारं प्रथिन ओळखलं. ते माणसातही आहे. आपल्यात ते मोहरीचा झणका ओळखायचं काम करतं. डासाचं गुपित तर अगदी अलीकडे, २०२४ साली बाहेर आलं. डेंगी पसरवणारा एडिस डास आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास यांच्या जोडीला त्वचेचा अवरक्त उजेडही वापरतो, सुमारे ७० सेंटिमीटरवरूनसुद्धा.

आपल्याला हा उजेड का दिसत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. डोळ्यातल्या रंगद्रव्याचा आकार बदलायला जेवढा धक्का लागतो, तेवढा दहा मायक्रॉनच्या उजेडात नसतो. शिवाय डोळा स्वतःच ३७ अंशांवर झळकत असतो. तो पट्टा दिसत असता, तर बुबुळाच्या आतल्याच उजेडाने आपण आंधळे झालो असतो.

आता दुसरी जात, आपण सोडलेला उजेड. रिमोटच्या टोकावरचा छोटा दिवा साधारण ०.९४ मायक्रॉनचा उजेड टाकतो आणि सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. उन्हातून, दिव्यांतून, माणसांतून येणारं अवरक्त असं ठरावीक वेगाने लुकलुकत नाही, त्यामुळे टीव्ही आपल्यासाठीचा निरोप नेमका वेगळा काढतो. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं बटण त्याच्यासमोर दाबून पाहा. बऱ्याच फोनमध्ये दिवा जांभळट पेटलेला दिसेल. कॅमेऱ्यातलं सिलिकॉन एक मायक्रॉनच्या थोडं पुढपर्यंत बघू शकतं. मुलांना हा शोध दाखवायला याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

सीसीटीव्हीचंही असंच. दिवसा त्याच्या भिंगामागे अवरक्त अडवणारी चकती असते, नाहीतर रंग बिघडतील. अंधार पडला की चकती बारीक टक् आवाज करून बाजूला सरकते, भोवतालचे अवरक्त दिवे लागतात आणि चित्र कृष्णधवल होतं. या चित्रात काळा शर्ट पुष्कळदा पांढरा दिसतो, कारण त्याचा रंग या उजेडाला शोषत नाही. पोलिसांना सीसीटीव्हीवरून कपड्यांचं वर्णन देताना हे लक्षात असायला हवं. अंगणातली तुळसही तिथे पांढरीशुभ्र दिसते. हिरवं पान तांबडा प्रकाश खाऊन टाकतं, पण अवरक्त उजेडाचा जवळजवळ निम्मा भाग परतवतं. पान रोगट झालं, वाळू लागलं की परतवणं कमी होतं. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए पासून इस्रोचे दूरसंवेदन उपग्रह तांबडा आणि अवरक्त असे दोन पट्टे टिपत आले आहेत, आणि त्यांच्या तुलनेवरून शिवारातली पिकं किती जोमदार आहेत याचा अंदाज बांधला जातो.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत पोचलेला ऑक्सिमीटर याच जातीचा. बोटाच्या एका बाजूने तो दोन उजेड आळीपाळीने सोडतो, ०.६६ मायक्रॉनचा तांबडा आणि ०.९४ मायक्रॉनचा अवरक्त. प्राणवायू घेतलेलं रक्त तांबडा कमी आणि अवरक्त जास्त शोषतं. प्राणवायू नसलेलं उलट. पण बोटात त्वचा, हाड, शिरांतलं स्थिर रक्तही असतं. त्यातून रोहिणीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांच्या लक्षात आलं, की नाडीच्या ठोक्याबरोबर कमीजास्त होणारा भाग तेवढा मोजला की काम होतं. १९७४ साली त्यांनी ही पद्धत मांडली. आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले, नेमकं जगभर त्यांच्या यंत्राची सर्वांत जास्त गरज पडली त्या महिन्यांत. या यंत्राची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. तांबडा उजेड त्वचेच्या रंगाने अडतो. त्यामुळे सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांमध्ये ऑक्सिमीटर काही वेळा प्राणवायू खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, हे २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासातून ठळकपणे समोर आलं. आपल्या देशात तर हे प्रत्येक डॉक्टरने ध्यानात ठेवायला हवं. आकडा ९४ असला आणि माणूस धापा टाकत असला, तर माणसावर विश्वास ठेवावा.

ज्या उजेडावर आपलं आजचं सगळं जगणं उभं आहे, तो मात्र कुणाच्याच नजरेत नसतो. इंटरनेट काचेच्या तंतूंमधून धावतं ते अवरक्त उजेडाच्या रूपात, बहुतेक वेळा १.३१ किंवा १.५५ मायक्रॉनच्या. आखूड तरंगलांबीचा प्रकाश काचेतल्या सूक्ष्म असमानतेमुळे विखुरतो, खूप लांब तरंगलांबीचा काच स्वतः शोषते; १.५५ च्या आसपास दोन्ही अडचणी सर्वांत कमी. तिथे पंधरा किलोमीटर काचेतून गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक राहतो. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिलं, की तंतूंमधला उजेड विझतो तो मुख्यतः काचेतल्या अशुद्धीमुळे. त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या तारांमधून देशाच्या परदेशी संपर्काचा मोठा भाग याच उजेडावर ये-जा करतो.

आता पुन्हा पहिल्या जातीकडे, कारण तिचा सर्वांत मोठा पसारा आपल्या डोक्यावर आहे. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते आणि त्याच दिवशी हवामान केंद्राचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. दोन्ही खरे असतात. केंद्रातला तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, लाकडी पेटीच्या आडोशाला असतो. गवताचं पातं, गाडीचा टप, जेटीच्या फळ्या मात्र उघड्या आकाशाखाली असतात. ८ ते १३ मायक्रॉनच्या उजेडाला कोरडी, निरभ्र हवा जवळजवळ मोकळी वाट देते. रात्रभर त्या वस्तू आपली ऊब थेट अवकाशात फेकतात, परत फारसं काही येत नाही, आणि भोवतालच्या हवेपेक्षाही त्या गार होतात. उत्तर भारतात याच युक्तीने बर्फ करत. अलाहाबादजवळ हिवाळ्यातल्या स्वच्छ रात्री उथळ मातीच्या थाळ्यांत पाणी ठेवून बर्फ कसा धरतात, याचं वर्णन रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला सादर केलं होतं. पाण्याचं बाष्पीभवन आणि आकाशाकडे जाणारी ऊब, दोन्हींचा त्यात हात असे.

निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला, की रात्री बागेत शेकोट्या पेटतात आणि पहाटे पाणी सोडलं जातं. फुगवणीला आलेल्या मण्यांना तडे गेले, तर वर्षाची मेहनत गेली. आभाळ भरलेलं असेल तर ही वेळ सहसा येत नाही. ढग ही रात्रीची गोधडी. जमिनीचा उजेड शोषून ते त्यातला बराचसा परत खाली धाडतात. शेकोटीचा धूर मात्र हे काम फारसं करत नाही. त्याचे कण इतके बारीक असतात की दहा मायक्रॉनचा उजेड त्यांच्यातून निसटतो. फायदा होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि तिच्यामुळे हवा ढवळली जाण्याचा. म्हणून ओला पालापाचोळा जाळून धूर कोंडण्यापेक्षा लहान लहान, कोरड्या, बागभर पसरलेल्या शेकोट्या बऱ्या.

ढग नसले तरी हवा पूर्णपणे मोकळी नसतेच. अमेरिकेतल्या युनिस फूट यांनी १८५६ साली काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं होतं, की कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी जास्त तापते. जमिनीच्या अवरक्त उजेडाचं काय होतं, हे त्या प्रयोगातून कळत नव्हतं; ते १८५९ पासून जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये मोजलं. हवेचा जवळजवळ सगळा भाग असलेले नायट्रोजन आणि प्राणवायू या उजेडाला अडवत नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, प्रमाणाने अगदी थोडे असूनही. ही अडवणूक नसती, तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांऐवजी उणे १८ च्या आसपास असतं आणि आपण नसतो. १९५८ साली हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत मोजणी सुरू झाली तेव्हा दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. याबद्दल वाद घालणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की हे भौतिकशास्त्र कुठल्या परिषदेत ठरलं नाही. ते दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका नळीत मोजलं गेलं.

जमिनीचा आणि ढगांचा हाच उजेड वरून वाचला, की रात्रीही हवामान दिसतं. इन्सॅट-३डीआर आणि २०२४ साली सोडलेला इन्सॅट-३डीएस हे उपग्रह भारताच्या दृष्टीने आकाशात एकाच जागी राहून हेच करतात. दर किलोमीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते. त्यामुळे ढगाचा माथा उणे साठ अंशांचा दिसला, तर तो बारा-तेरा किलोमीटर चढलेला आहे आणि खाली जोराचा पाऊस असण्याची शक्यता मोठी, हे कळतं. बातम्यांतल्या चित्रात असे गार ढग पांढरेशुभ्र दाखवतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरजवळ आदळलं. आदल्या रात्री अरबी समुद्रावरच्या मिट्ट काळोखातही त्याचं रूप दिसत होतं ते ढगांच्या स्वतःच्या उजेडात.

खगोलशास्त्रात अवरक्ताचं महत्त्व धुळीमुळे आहे. आपल्या आकाशगंगेचं केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, धुळीच्या दाट पडद्यामागे दडलेलं आहे. दृश्य प्रकाश तिथून जवळजवळ पोचतच नाही. दोन मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त मात्र कणांना वळसा घालून निसटतो. राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटाने चिलीतून आणि आंद्रेआ गेझ यांच्या गटाने हवाईतून त्या उजेडात केंद्राजवळचे तारे वर्षानुवर्षं टिपले. एस-२ हा तारा १६ वर्षांत एका न दिसणाऱ्या बिंदूभोवती फेरी पूर्ण करतो. त्या बिंदूत सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमान सामावलेलं आहे. २०२० च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

लांब तरंगलांबीच्या अवरक्ताला हवेतली वाफ अडवते, म्हणून त्यासाठी वर जावं लागतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दुर्बीण महाकाय फुग्याला टांगून हैदराबादहून वारंवार आकाशात पाठवली आणि तारे जन्मतात त्या ढगांचे नकाशे काढले. याची आठवण आपल्याकडे फारच थोड्यांना आहे, याचं मला वाईट वाटतं. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली जेम्स वेब दुर्बीण आज पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. साडेसहा मीटरचा तिचा आरसा सोन्याने मढवलेला, कारण सोनं अवरक्त उत्तम परतवतं. दुर्बीण स्वतः उबदार असती, तर स्वतःच्याच उजेडात बुडाली असती. म्हणून टेनिस कोर्टाएवढ्या पाच पदरी पडद्यामागे ती उणे २३३ अंशांच्या आसपास ठेवली आहे. सुमारे ७०० प्रकाशवर्षांवरच्या डब्ल्यूएएसपी-३९बी या ग्रहाच्या वातावरणात तिला २०२२ साली कार्बन डायऑक्साइड सापडला, आणि ओळखला तो टिंडल यांनी मोजलेल्या त्याच गुणावरून: तो अवरक्ताचे ठरावीक पट्टे गिळतो.

इतक्या खऱ्या गुणांचा हा उजेड असताना त्याच्या नावावर चाललेली विक्री बघवत नाही. ‘फार इन्फ्रारेड’ सोडणारी कडी, मोजे, गाद्या, पाण्याचे पेले गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यांवर उपाय म्हणून वयस्कर माणसांना हजारो रुपयांना विकले जातात. ते अवरक्त सोडतात हे खरं आहे. पण उशी, भिंत आणि जेवणाचं ताटही सोडतं, आणि आपलं शरीर त्या सगळ्यांपेक्षा जास्त. ज्याला वीज नाही, विस्तव नाही, त्या कड्याला आपल्याच अंगाची ऊब मिळते आणि तीच ते परत देतं. दुखऱ्या खांद्याला फिजिओथेरपिस्टच्या दिव्याने मिळणारा शेक ही वेगळी गोष्ट. तिथे वीज खर्च होते आणि स्नायू खरोखर तापतात. खऱ्या तीव्र अवरक्तापासून जपायलाही हवं. वितळलेल्या काचेसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना मोतीबिंदू होतो हे जुनं निदान आहे, आणि ग्रहणात काळ्या काचेतून सूर्य पाहणं धोक्याचं, कारण काच उजेड अडवते पण अवरक्त जाऊ देऊ शकते आणि डोळ्याला ते कळतही नाही. तेव्हा घरी कुणी असं कडं किंवा गादी घेऊन आलं, तर पैसे देण्याआधी त्याला एकच विचारा: याला ऊर्जा कुठून मिळते?